पहिलं बाळंतपण, माहेर नाही, घरात दोघंच : तयारी नेमकी कशाकशाची करायची?

जुईली_पी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. ३२वा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ. पिंपळे सौदागरला आम्ही दोघंच राहतो. आई काही वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे माहेरी जाऊन बाळंतपण हा पर्याय नाही. बाबा आणि भाऊ आहेत, पण त्या दोघांचा स्वतःचाच चहा कसाबसा होतो. सासूबाई लातूरहून यायला तयार आहेत, पण त्यांचे गुडघे खूप दुखतात आणि त्यांनी येऊन राबावं असं मलाही वाटत नाही. नवऱ्याला जेमतेम दोन आठवडे सुट्टी मिळेल.

हॉस्पिटलच्या वर्गात श्वासोच्छ्वास शिकवला, मोठ्या चेंडूवर बसवलं, बॅगेची यादी दिली. बॅग भरूनही झाली. (हो, ३२व्या आठवड्यात. हसा.) पण बाळ घरी आल्यावर पहिल्या रात्री कोण काय करणार, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. माझी खरी धाकधूक तीच आहे. शिवाय कळा सुरू झाल्या हे कळतं कसं, एपिड्युरल (कळांची वेदना कमी करायला पाठीतून देतात ती भूल) घ्यावं का, मालिशवाल्या मावशी, धुरी, गुटी यातलं काय करायचं? सासूबाईंनी वेखंड-मुरडशेंगेची पुरचुंडी आत्ताच बांधून ठेवलीये. त्यांना दुखवायचंही नाही.

चकली
अभिनंदन गं! बॅग भरलीच आहेस तर एवढंच बघ : झबली गाठीची आणि एक माप मोठी, नवी असतील तर धुऊन. दुपटी जास्त, खेळणी शून्य. तुझ्यासाठी पुढून उघडणारे गाऊन. लांब वायरचा चार्जर. आणि सगळ्यात वर फाईल. विम्याचं पूर्वसंमतीचं काम आत्ताच उरकून घे, रात्री दोन वाजता काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही. नवजात बाळाला पॉलिसीत पहिल्या दिवसापासून धरलंय की ९० दिवसांनंतर, हेही वाच.

सिस्टरबाई
जिल्हा रुग्णालयात प्रसूती कक्षातच माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कळांचं सांगते.

शेवटच्या महिन्यात पोट मधूनमधून दगडासारखं कडक होतं आणि सुटतं. चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की थांबतं, त्या खोट्या कळा. खऱ्या कळा बहुतेकींना कंबरेत सुरू होऊन पुढे येतात, काही केलं तरी थांबत नाहीत, आणि दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, जवळजवळ मिनिटभर टिकणारी कळ, अशी तासभर येत राहिली की निघायचं. पण हा हिशोब हॉस्पिटल जवळ असलेल्यांसाठी. हिंजवडीची गर्दी तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक, त्यामुळे डॉक्टरांना विचारून तुझं अंतर ठरव.

कळांची वाट न बघता लगेच निघायचं ते अशा वेळी : गर्भजल म्हणजे पाणी गेलं तर (वेळ बघून ठेव, रंग बघ; हिरवट किंवा काळपट असेल तर क्षणभरही थांबू नकोस), रक्तस्राव झाला तर, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर, आणि डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं तर. हे शेवटचं रक्तदाबाचं लक्षण आहे आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही उद्भवू शकतं. "झालं बाळंतपण, आता कसला धोका" म्हणून ते अंगावर काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. थोडा रक्तमिश्रित चिकट स्राव गेला तर मात्र घाबरायचं नाही, तो दिवसभर आधीही जातो.

आणखी एक. गर्भपिशवीचं तोंड पहिले चार-पाच सेंटीमीटर उघडायला खूप वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत खरी वेगाची अवस्था ५ सेंटीमीटरपासून धरली आहे, आणि त्यानंतरही प्रत्येकीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा आग्रह सोडला आहे. म्हणून सुरुवातीच्या कळा घरात काढ. पेज, खिचडी खा, आंघोळ कर, जमली तर झोप काढ. पहिल्या कळेलाच गाडीत बसून आलेल्या मुली ऐन जोर लावायच्या वेळी थकलेल्या असतात.

गोंधळी
सिस्टरबाई, प्रसूतीच्या खोलीत नवऱ्याला घेतात का हल्ली? आमच्या वेळी बाहेर बाकावर बसवलं होतं.

सिस्टरबाई
खाजगीत ज्याचे त्याचे नियम. सरकारी रुग्णालयांत केंद्राने २०१६ साली सोबतीणीला परवानगी दिली, पण तिथे एका खोलीत अनेक जणी असतात म्हणून बाईच हवी असा दंडक. जुईली, आत्ताच विचारून ठेव. सोबतीला ओळखीचं माणूस असलं की कळा सोसायला बळ येतं, हे मी रोज बघत होते. दुसरं विचारायचं ते पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलण्याबद्दल. तसं करू नये असंच आता सांगतात, तरी काही ठिकाणी सवय जात नाही.

भूलवाला
एपिड्युरलबद्दल, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. एपिड्युरलमुळे सिझरची शक्यता वाढते, हे खरं नाही. जन्माची कंबर धरते, हेही खरं नाही. सुई टोचली तिथे काही दिवस दुखतं, आणि कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्या बायकांनाही होतेच. जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो, रक्तदाब उतरू शकतो म्हणून सलाईन आणि मॉनिटर लागतो. क्वचित कुणाला नंतर तीव्र डोकेदुखी होते, तिच्यावर उपाय आहे.

खरा प्रश्न हा विचारा : भूलतज्ज्ञ तिथे २४ तास असतात का, की फोन करून बोलवावे लागतात? माहितीपत्रकात 'वेदनारहित प्रसूती' लिहिलेलं असतं आणि रात्री तीनला भूलतज्ज्ञ सिंहगड रोडवरून निघालेले असतात. आणि "आधी नको म्हटलं, मग मागितलं" यात लाज कसली?

रेवदंड्याची_माई
जुईली बाळ, सुखरूप सुटका होवो. मी सत्तरी ओलांडलेली. आमच्याकडे बाळंतिणीची खोली वेगळी असे. बाजेखाली शेगडी, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी, अंगाला तेल, कढत पाण्याची आंघोळ, कानाला रुमाल. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवल्यावर शेपा-ओवा-खोबऱ्याची सुपारी. बाळाला पाचव्या दिवसानंतर गुटी : वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, सागरगोटा, खारीक, बदाम, एकेकाचे मोजून वेढे आईच्या दुधात सहाणेवर उगाळून. माझी चारही त्यावर वाढली. सासूबाईंची पुरचुंडी टाकून देऊ नकोस.

बाळडॉक्टर
माई, तुमचे लाडू आणि खीर शंभर टक्के मान्य. अळिवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात तूप-खोबरं आहे, बाळंतिणीला उष्मांक हवेतच. फक्त वरण-भात-भाकरी, पालेभाज्याही द्या. "हे वातूळ, ते थंड" करत बिचारीला महिनाभर तूप-मेतकूट-भातावर ठेवू नका.

गुटीला मात्र माझा विरोध आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, ग्राइपवॉटर नाही, गुटी नाही. सहाण आणि मुळ्या निर्जंतुक नसतात, जायफळ-वेखंड किती पोटात गेलं याला माप नसतं, आणि जुलाब लागून आलेली बाळं आम्ही बघतो. मध तर वर्षभर चाटवायचाही नाही. त्यातून बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो आणि तो लहानग्यांच्या जिवावर बेततो. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाळेला हळद-तेल-पावडर काही नाही, कोरडी ठेवा, आठ-पंधरा दिवसांत गळते. धुराचंही तेच. आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणं म्हणजे विषारी वायू घरात घेणं. ऊब हवीच असेल तर बाळाला उघड्या छातीशी घ्या, वरून शाल.

रेवदंड्याची_माई
अहो डॉक्टर, फ्लॅटमध्ये शेगडी कुठून पेटवणार, गॅसवर पाणी तापतं तेच पुष्कळ. गुटी नको तर नको; माझ्या नातसुनेनेही नाही दिली आणि पोर धडधाकट आहे. पण एक आमच्याकडून घ्या. सव्वा महिना बाळंतिणीला कुणी उठवत नसे. तिने भांडं विसळायचं नाही, पाहुण्याला चहा करायचा नाही, कुणी बोलावलं म्हणून बाहेर यायचं नाही. विटाळ म्हणत होते, ते सोडा. त्या निमित्ताने तिला पडून राहायला मिळायचं. आता विटाळ गेला, फार चांगलं झालं, पण त्याबरोबर विश्रांतीही गेली. दहाव्या दिवशी ओट्याशी उभ्या असतात मुली.

चकली
माई, +१०००. बारशाच्या दिवशी सत्तर माणसांना हसून नमस्कार करत होते आणि टाके ओले होते.

आयंडहोवनकर
माईंच्या या प्रतिसादासाठीच लॉगिन केलं. माझी दोन्ही बाळंतपणं नेदरलँड्समध्ये झाली. इथे माहेर सरकारी आहे म्हणा ना! बाळंतपण झालं की 'क्राम्झोर्ख' नावाची सेवा घरी येते. प्रशिक्षित बाई, साधारण ८ दिवस, सर्वसाधारणपणे ४९ तास, बहुतेक खर्च आरोग्यविम्यातून, तासाला थोडे पैसे आपले. नोंदणी गरोदरपणात लवकर करावी लागते. पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच करायला लावतात, म्हणजे टाके तपासताना तिची कंबर मोडत नाही. ती बाळाचा ताप मोजते, वजन बघते, पाजायला शिकवते, आईचा रक्तस्राव आणि पोट तपासते, आणि वर घर झाडते, कपडे धुते, मोठ्या मुलाला खाऊ घालते. आमच्या बाईने पहिल्याच दिवशी दाराशी उभं राहून शेजारणीला विचारलं होतं, "अर्धा तास पुरेल ना?" मी तिला दंडवत घातला.

गंमत म्हणजे बाळ बघायला आलेल्यांना इथे रस्कवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेले बडीशेपेसारखे दाणे पसरून देतात; मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. दूध येतं म्हणून ही बडीशेप, अशी जुनी समजूत. माई, तुमची शेपेची सुपारी इथेही आहे!

जुईली, तुला त्यातली एक गोष्ट फुकटात उचलता येईल : वही. किती वाजता पाजलं, किती वेळा शू, शी कोणत्या रंगाची, ताप किती. रात्री अडीचला "मघाशी पाजलं होतं का?" यावर नवरा-बायकोची भांडणं होतात, ती वहीने वाचतात. आणि डॉक्टरांना फोन केला की ते नेमकं हेच विचारतात.

मिरजवाला
मी बाप. इथे बापांनी लिहायला बंदी नाही ना? सरकारी नोकरीत होतो म्हणून केंद्राच्या नियमाने १५ दिवस पितृत्व रजा मिळाली. खाजगीत त्याला कायदाच नाही, कंपनी देईल ते प्रसाद. तर नवऱ्याने काय करायचं ते सांगतो. पाजणं सोडून सगळं. रात्री बाळ उठलं की उचलायचं, लंगोट बदलायचा, आईच्या हातात द्यायचं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, परत पाठीवर निजवायचं. तिने पलंगावरून उतरायचं नाही. बाळाला पाठीवरच झोपवा, उशी-लोड-जाड रजई जवळ ठेवू नका.

आणि फोन तुम्ही घ्यायचे. "बघायला कधी येऊ?" विचारणारी माणसं मुलाकडची असतील तर उत्तर द्यायची जबाबदारी मुलाने घ्यायची. सुनेने "नका येऊ" म्हटलं की वर्षानुवर्षं लक्षात राहतं, मुलाने म्हटलं की "शिष्ट झालाय" एवढ्यावर भागतं.

शेवंती
दुधाबद्दल कुणी बोललं नाही. माझं सिझर, पहिले तीन दिवस जेमतेम चमचाभर चीक. बाळ सारखं रडायचं, वजन उतरलं, आणि खोलीत येणारा प्रत्येक जण "दूध पुरत नाहीये, पावडर द्या" म्हणून जायचा. दूध येण्याआधी मीच रडून घ्यायचे.

सिस्टरबाई
चमचाभरच येतो आणि पहिल्या दिवशी तेवढाच पुरतो. जन्मानंतर तासाभरात छातीशी लावायचं, सिझर असलं तरी मदतीने जमतं. वजन पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दोन आठवड्यांत भरून यायला हवं. पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो, सिझरला थोडा उशिरा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. नुसतं बोंड तोंडात देऊ नये, भोवतीचा काळा भागही बराचसा आत गेला पाहिजे, नाहीतर भेगा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. पोट भरतंय का हे रडण्यावरून ठरवायचं नाही, लंगोटावरून ठरवायचं : सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू, आणि काळी शी जाऊन पिवळी आली, म्हणजे उत्तम.

खरंच दूध कमी पडलं, बाळ कमी दिवसांचं असलं, तर दूधपेढी असते, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध तिथे मिळतं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली आपल्या मुंबईतच सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

सडेतोड
वाचून वाटतंय की बाळंतपण नसून मोहीम आहे. आमच्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी भाकऱ्या भाजायच्या. किती घाबरवाल त्या मुलीला?

कुरखेड्याचा
सडेतोड, त्या आज्यांची किती मुलं झाली आणि किती जगली, हेही विचारून या. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, आणि १८८६ साली एम.डी.साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरच.

मी गडचिरोलीचा. आमच्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली छापून आलंय. आज देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात ती पद्धत त्यातूनच आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्यांना कुणी मोहीम म्हणत नाही. एक बाई येते, बाळ उघडं करून बघते, आईला "जेवलीस का" विचारते.

बाळडॉक्टर
कुरखेड्याचा यांना जोडून. या गोष्टींना फोन नाही, थेट दवाखाना : बाळ प्यायचं थांबलं किंवा मलूल झालं, ताप ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर, अंग गार, श्वास जोरात किंवा छाती आत ओढली जातेय, झटके, नाळेभोवती लाली-पू, हिरवी उलटी. कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तरीही. बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि आपोआप उतरते, पण "कोवळ्या उन्हात धरा" हा तिच्यावरचा उपचार नाही. वाढली तर निळ्या दिव्याखालीच ठेवावं लागतं.

मालिशवाल्या मावशी खुशाल लावा, बाळालाही स्पर्श आवडतो. अटी एवढ्याच : हात धुऊन, अंगठ्या काढून, पाजल्यावर लगेच नाही, नाका-कानात तेल नाही, टाळू दाबायची नाही, पाय धरून उलटं करायचं नाही. नाळ गळेपर्यंत अंग पुसून घेतलं तरी चालतं.

जास्वंद_९
एक लिहू का? पान्हा फुटतो त्याच सुमारास उगाच रडू येतं, ते पुष्कळ जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही तसंच चालू राहिलं, बाळ झोपलं असतानाही झोप येईना, बाळाविषयी काहीच वाटेना किंवा नको नको ते विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दूध पाजताना चालणारी औषधंही आहेत. माझ्या घरी सगळे "सगळं छान आहे, मग रडतेस कशाला" म्हणत होते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फोनमध्ये घालून ठेव, तुझ्या आणि नवऱ्याच्याही. रडणाऱ्या बाईला स्वतःहून फोन करायचं सुचत नाही. आई नसलेल्या मुलीला हे दिवस जरा जास्त जड जातात गं. आधीच सांगून ठेवतेय, म्हणजे तेव्हा आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटणार नाही.

जुईली_पी
जास्वंद, तुझा प्रतिसाद काल रात्री वाचला, आज लिहितेय. नवऱ्यालाही वाचायला दिला.

आमचं आत्तापर्यंत असं ठरलंय. सासूबाई येणार, पण त्यांच्याकडे फक्त बाळाला मांडीवर घेणं आणि स्वयंपाकाच्या ताईंवर देखरेख. त्यासाठी उंच पाठीची खुर्ची आणलीये, गुडघ्यांचं बघून. गुटीचं मी घाबरत घाबरत काढलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर नको म्हणाले तर कशाला? वेखंड राहू दे कपड्यांच्या कपाटात, झुरळं येत नाहीत." मी तीन आठवडे उगाच उजळणी करत होते! डिंकाचे लाडू मात्र पाच किलोंचे करणार म्हणाल्या, त्यावर चर्चा नाही. दुपारी तीन तास मदतीला एक मावशी, मालिशही त्याच करतील. रात्रीचं मिरजवाला पद्धतीने. वही आणली. बाबांकडे औषधं, भाजी आणि हॉस्पिटलच्या चकरा. त्यांना काहीतरी काम मिळालं म्हणून ते दोन दिवस खुशीत आहेत. बारसं सव्वा महिन्यानंतर, पंचवीस माणसांत.

हॉस्पिटलला विचारलं. भूलतज्ज्ञ रात्री फोनवर असतात, पोचायला अर्धा तास. नवऱ्याला आत घेतात. रजा २६ आठवड्यांची आहे, आधी ८ आठवड्यांपर्यंत घेता येते, पण तब्येत बरी असेल तर जास्तीत जास्त नंतर वापरायची म्हणते. शेवटचा प्रश्न : जन्मदाखल्यासाठी नाव लगेच द्यावं लागतं का? आमचं नाव अजून ठरत नाहीये आणि दोन्हीकडून याद्या येताहेत.

गोंधळी
नाव लगेच नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती हॉस्पिटलच पाठवतं. नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण फार लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. आणि डिस्चार्जच्या आधी फॉर्मवर आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघा, मगच सही करा. 'जुईली'चं स्पेलिंग तर लोक तीन प्रकारे करतात.

चकली
नावांच्या याद्या इथे टाक गं, वेगळा धागा काढू.